ओम्नीकाकांचा शनिवार

ओम्नीकाकांना गाडी मागे घेता येत नसे. पुढे ती ते झकास चालवत. खानवेलकडच्या वळणांवर समोरून ट्रक आला तरी त्यांचा हात कधी हलला नाही. पण रिव्हर्स गिअर टाकला की त्यांचं सगळं बिनसायचं. मग आई, बाबा, मी आणि धाकटी चिनू असे चौघंही खाली उतरून चार कोपऱ्यांना उभे राहायचो. एक म्हणायचं, "येऊ द्या," दुसरं म्हणायचं, "थांबा," आणि काका दोन्ही ऐकून घामाघूम व्हायचे. शेवटी बाबा म्हणत, "भाऊ, उतरा. मी काढतो." काका मुकाट्याने उतरत आणि गाडी निघाली की म्हणत, "देवानं डोळे पुढच्या बाजूला दिलेत. मागं जायचं कामच काय?"

म्हणून आमच्या शनिवारच्या फेऱ्या गोल असत. टोकरखाड्यातून निघायचं, आधी पिठाची गिरणी, मग किलवणी नाका, मग बाजार, आणि आमलीच्या बाजूने पुन्हा घरी. कुठेही गाडी मागे घ्यावी लागणार नाही, असा तो रस्ता काकांनी स्वतः शोधून काढला होता. गिरणीच्या दारात जागा नसेल तर ते आणखी एक चक्कर मारून येत. दळणाचा डबा मांडीवर घेऊन आम्ही तेवढ्यात सिल्वासा दोनदा पाहून घ्यायचो.

त्यांचं आडनाव महाजन. खडोलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात ते प्रॉडक्शनचे इनचार्ज होते आणि बाबा तिथेच मेंटेनन्सला. पांढऱ्या ओम्नीमुळे चिनूने त्यांना ओम्नीकाका केलं आणि पुढे आख्ख्या कॉलनीनेच ते नाव उचललं. मूळचे पारोळ्याकडचे. काकू गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यामुळे काकू इकडे कधी राहायला आल्या नाहीत आणि काका दोन महिन्यांतून एकदा गावी जात. मूलबाळ नव्हतं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत ते एकटे राहत. त्या खोलीत एक कॉट, एक गॅसची शेगडी आणि काकूंचा शाळेतल्या पारितोषिक वितरणाचा एक फोटो, एवढंच सामान होतं. बाबांपेक्षा ते नऊ-दहा वर्षांनी मोठे. बाबा त्यांना भाऊ म्हणत, आई भाऊजी म्हणायची.

आमच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी असे. जगाचा रविवार आमच्याकडे एक दिवस आधी यायचा आणि रविवारी सगळे पुन्हा कामावर. मला आणि चिनूला शनिवारी सकाळची शाळा. आम्ही दप्तरं टाकून जेवायला बसलो की खालून हाक यायची, "निघायचं का?" काका वर कधी येत नसत. दुसरा मजला चढायचा कंटाळा, असं ते सांगत. पण आई म्हणायची की कोणाच्या जेवणाच्या वेळी दारात उभं राहणं त्यांना बरं वाटत नाही. हाक मारून ते गाडीत जाऊन बसत आणि आम्ही उतरेपर्यंत पुढची काच फडक्याने पुसत राहत.

यादी मात्र ते कधी करत नसत. आईने सोमवारी गल्लीत बोलता बोलता सांगितलेलं असायचं की मिक्सरचं भांडं गळतंय. शनिवारी काका बरोबर मिक्सर दुरुस्तीवाल्यासमोर गाडी उभी करत. माझ्या सायकलचं पॅडल, चिनूची निळी रिबन, बाबांच्या बुटाची शिलाई, शेजारच्या आजींचं गुडघ्याचं तेल, सगळं त्यांच्या डोक्यात. आई हातात चिठ्ठी घेऊन यायची तर ते हसून म्हणत, "वहिनी, आपल्यात कागद कशाला?" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. कोणी उसनं काही नेलं, कोणी उद्या येतो म्हणालं, कोणी निरोप दिला, की काकांचं हेच. तोंडचा शब्द दिला की झालं. मला ते फार मोठेपणाचं वाटायचं.

बाजारात रांधा गावची एक म्हातारी वालपापडी घेऊन बसायची. काका तिच्यासमोर उकिडवे बसत, एक शेंग सोलून कच्चाच दाणा तोंडात टाकत आणि विचारत, "आजी, आज घरी लवकर जायचं का?" म्हातारी मान हलवायची. मग टोपलीत उरलेली सगळी पापडी काका घेत. अर्धी आमच्या पिशवीत, थोडी शेजाऱ्यांना. एकट्या माणसाला एवढी पापडी काय करायची, असं आई एकदा म्हणाली तर म्हणाले, "तिला गावची गाडी मिळाली ना, मग झालं."

संध्याकाळी दादऱ्याच्या तळ्यावरच्या बागेत जायचो. तिथे पायडल मारायच्या होड्या होत्या. काका होडीत कधी बसले नाहीत. "मी बसतो चपला राखत," म्हणायचे आणि काठावरच्या बाकावर आमच्या चपला ओळीने मांडून बसायचे. आम्ही पाण्यातून हात केला की ते दोन्ही हात वर करून हलवायचे. चिनूला लांबून काकाच आधी दिसायचे, मग बाग.

असे सहा-सात वर्षांचे शनिवार. मी दहावीत होते त्या जानेवारीत जे झालं, ते मी आता जसं घडलं तसंच सांगते.

मोल्डिंगच्या मशीनला पुढे एक सरकतं दार असतं. दार उघडलं की मशीन आपोआप थांबायला हवं. त्यासाठी दाराला एक स्विच असतो. तीन नंबरच्या मशीनचा तो स्विच बिघडला होता. दार उघडं असलं तरी मशीन चालूच राही. बाबांनी मंगळवारी ते पाहिलं आणि काकांना जाऊन सांगितलं, "भाऊ, तीन नंबर बंद ठेवा. नवा स्विच वापीहून गुरुवारी येईल. तोवर चालवू नका." बाबा तसं लेखी द्यायला खिशातून स्लिपबुक काढत होते. काकांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आपल्यात कागद कशाला रे, दिलीप? तू सांगितलं, मी ऐकलं." बाबांनी पेन पुन्हा खिशाला लावलं.

बुधवारी माल पाठवायचा होता आणि एक मशीन बंद, म्हणून काम मागे पडत होतं. वरून दोनदा फोन आले. दुपारी काकांनी तीन नंबर चालू करायला सांगितलं. त्यावर सुकलाल नावाचा नंदुरबारकडचा कामगार होता. अडकलेला माल काढायला त्याने दार उघडून हात आत घातला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बाबा त्या दिवशी घरी आले ते सरळ मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. गुरुवारी आणि शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ते दवाखान्यात सुकलालजवळ बसून आले. आईने एकदा विचारलं, "भाऊजींनी चालू का केलं असेल?" बाबा म्हणाले, "त्यांच्यावर दबाव असणार. ते सांगतील चौकशीत. त्यांनाही झोप लागत नसेल."

शनिवारी आम्ही कोणीच बाहेर जायचं म्हणत नव्हतो. जेवणं झाली, भांडी आवरून झाली आणि दारावर टकटक झाली. काका वर आले होते. सहा-सात वर्षांत असे न बोलावता ते पहिल्यांदाच जिना चढून आले. बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काका त्यांच्याजवळ बसले.

"दिलीप, ऊठ."

"आज नको भाऊ."

"घरात पडून त्याची बोटं परत येणार आहेत का? वहिनींचं दळण संपलंय. पोरी तोंड पाडून बसल्यात. चल."

बाबा उठले. ते उठले म्हणून आईला इतकं बरं वाटलं की तिने काकांकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं. ते मी पाहिलं होतं.

त्या दिवशी काकांनी सगळ्यांचं सगळं केलं. गव्हाचा डबा स्वतः उचलून गिरणीत नेला, बाबांना हात लावू दिला नाही. आईच्या चष्म्याची एक दांडी महिनाभर दोऱ्याने बांधलेली होती. तिने कोणाला सांगितलंही नव्हतं. काकांनी गाडी चष्म्याच्या दुकानासमोर उभी केली. दुकानात पाच-सहा फ्रेम तिच्यासमोर ठेवल्या आणि एक निवडून म्हणाले, "ही घ्या वहिनी. ह्यात तुम्ही आमच्या मास्तरीणबाईंसारख्या दिसता." आई किती दिवसांनी हसली.

काचा बसवून होईपर्यंत मी आणि काका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, "दहावीनंतर काय ठरवलं, पल्लवी?"

मी म्हटलं, "डिप्लोमा. मेकॅनिकल."

"मग बापासारखी हो," ते म्हणाले. "मी तीस वर्षं कारखान्यात काढली. मशीनला नुसता हात लावून तिचं दुखणं ओळखणारा माणूस मी एकच पाहिला. सगळ्यांना सांग, माझा बाप असा आहे."

हे वाक्य मला शब्द न् शब्द पाठ आहे. त्या दिवशी मी ते घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, कारण कोणी बाबांबद्दल असं बोललेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बागेत चिनू बाबांना ओढून होडीत घेऊन गेली. पाणी उडालं म्हणून बाबा हसले. काठावर आमच्या चपला घेऊन बसलेले काका मला म्हणाले, "बघ, हसला." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, किती माया आहे ह्या माणसाला.

मग वापीच्या रस्त्यावर आम्ही उंबाडियुं खायला थांबलो. हिवाळ्यात तिकडे ठिकठिकाणी त्याचे मांडव लागतात. पापडी, रताळी, कंद असं सगळं मडक्यात पाल्यासोबत कोंबून ते मडकं उलटं करून जाळात ठेवतात. गरम वाफेचं ते पानावर घ्यायचं, बरोबर हिरवी चटणी आणि ताक. आम्ही बाजेवर गोल बसलो होतो. तिथे बाबा काकांशी पहिल्यांदा त्या विषयावर बोलले.

"भाऊ, उद्या सकाळी मला साहेबांनी बोलावलंय. चौकशीसाठी."

काका चिनूसाठी रताळ्याचा तुकडा फुंकून गार करत होते. त्यांनी तो तिच्या पानात ठेवला आणि म्हणाले, "बोलावू दे. टेन्शन नको लेऊ. मी शे ना."

गावाकडची बोली ते आमच्याशी क्वचित बोलत, अगदी आतलं काही बोलायचं असेल तेव्हाच. मी आहे ना. बाबांचे खांदे खाली आले, ते मला शेजारी बसून जाणवलं. त्यांनी आणखी एक पान मागवलं. तीन दिवसांत ते पहिल्यांदाच पोटभर जेवले.

घरी सोडल्यावर काका म्हणाले, "वहिनी, अर्धा कप चहा टाका." पुन्हा वर आले. चहा पिऊन झाल्यावर कप विसळून पालथा घालून ठेवला. आई म्हणाली, "अहो, राहू द्या की." ते दारात जरा वेळ उभे राहिले, चिनूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

रविवारी अकराच्या सुमारास बाबा परत आले. आमचा रविवार कामाचा, त्यामुळे त्या वेळी त्यांना दारात पाहून आई घाबरली. जेवणाचा डबा तसाच जड होता. बाबा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "भाऊंनी लिहून दिलंय."

"काय लिहून दिलंय?"

"मेंटेनन्स विभागाने मशीन तपासून चालू करण्यास हरकत नसल्याचे तोंडी सांगितले होते." त्यांनी ते कागदावरून वाचल्यासारखं म्हटलं. "खाली सही. मी म्हटलं, भाऊंना समोर बोलवा. साहेब म्हणाले, गरज नाही."

आई म्हणाली, "त्यांच्याकडून आज सकाळी जबरदस्तीने घेतलं असेल."

बाबांनी मान हलवली. "शुक्रवारची तारीख आहे."

आई खाली बसली. थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, "म्हणजे काल..." आणि थांबली. तिने नवा चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली.

मला त्या वयात नोकरी जाण्याचं गांभीर्य फारसं कळलं नाही. मला कळत होता तो शनिवार. गिरणी, चष्म्याचं दुकान, ती पायरी, बाक, मांडवातली बाज. प्रत्येक ठिकाणी काकांना सगळं माहीत होतं आणि आम्हाला काहीच माहीत नव्हतं. "माझा बाप असा आहे" हे त्यांनी मला सांगायला लावलं, तेव्हा बापाच्या नावावर त्यांचं ते सगळं घालून झालेलं होतं. मी वहीचं ते मागचं पान फाडलं. फाडल्यावर खालच्या पानावर उमटलेली अक्षरं दिसत होती, म्हणून तेही फाडलं.

बाबांना राजीनामा द्यायला सांगितलं. पोलिसांत जाणार नाही, असं वर उपकार केल्यासारखं सांगितलं. बाबांनी दिला. स्लिप नव्हती, साक्षीदार नव्हता. सुकलाल मात्र एकदा घरी आला होता, हाताला पट्टी बांधलेली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बंद ठेवा म्हणाले होते ते मी बाजूला उभा राहून ऐकलं होतं. पण आता त्यांनी मला गेटवर ड्युटी दिली आहे. या हाताला दुसरं कोण काम देणार?" बाबा म्हणाले, "बोलू नकोस. तुझी नोकरी सांभाळ." त्याला त्यांनी चहा दिला आणि पेला त्याच्या डाव्या हातात नीट धरेपर्यंत खालून आधार दिला.

काकांचा एक स्टीलचा डबा आमच्याकडे होता. गावाहून आणलेले काकूंच्या हातचे लाडू त्यातून आले होते. पुढच्या शनिवारी मी शाळेतून आल्यावर आईने तो माझ्या हातात दिला. "देऊन ये. बोलत बसू नकोस." मी झाकण उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. माझ्या आईने कोणाचा डबा कधी रिकामा परत केला नव्हता. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

काका खोलीसमोर बादली घेऊन कपडे धूत होते. मला पाहून उठले, हात लेंग्याला पुसले. "ये पोरी," म्हणाले. मी डबा पुढे केला. त्यांनी घेतला. वजनावरूनच त्यांना कळलं. उघडला नाही.

आईने बोलत बसू नको म्हणून सांगितलं होतं, पण मी विचारलं. "बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, बंद ठेवा म्हणून?"

"हो. सांगितलं होतं."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. मग मला भांडता आलं असतं.

"मग तसं का लिहिलंत?"

"साहेब म्हणाले, एक नाव पाहिजे. तुमचं नाहीतर दिलीपचं." ते बादलीकडे पाहत बोलत होते. "माझं वय बघ, पल्लवी. मला आता कोण उभं करणार? तुझ्या बाबांच्या हातात हुन्नर आहे. त्यांना नाशिकला, पुण्याला, कुठेही मिळेल. मी सगळा विचार केला."

"आणि शनिवारी का आलात?"

नळ चालू होता तो त्यांनी बंद केला.

"सही केली तेव्हाच कळलं, आता तुमच्या घरी पाय टाकता येणार नाही," ते म्हणाले. "म्हटलं, एक शनिवार घेऊ."

घेऊ, असं म्हणाले. मी तिथून निघाले. सायकल हातात धरून चालत आले, बसायचं सुचलंच नाही. घरी येऊन आईला सांगितलं, "दिला डबा." बाकी काही सांगितलं नाही.

माझी दहावीची परीक्षा होईपर्यंत आम्ही टोकरखाड्यातच होतो. शनिवारी दुपारी खाली गाडीचा आवाज आला की चिनू खिडकीत धावायची. तिला सांगितलं होतं की काकांची बदली झाली आहे. पण एकदा तिला बाजारात ओम्नी दिसली आणि ती गाडीमागे "काका, काका" करत पळत सुटली. गाडी थांबली नाही. आरशात ती त्यांना नक्की दिसली असणार. चिनू परत आली आणि म्हणाली, "दुसरं कोणीतरी होतं." तिने ते आमच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, मी अजून तिला विचारलेलं नाही.

दळण आता आई सायकलच्या हँडलला अडकवून आणायची. एप्रिलमध्ये बाबांना नाशिकला अंबडच्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. काका म्हणाले तसंच झालं, हे मला फार लागलं. त्यांचा अंदाज चुकला असता, आमचे हाल झाले असते, तर निदान मला त्यांना तसं सांगता आलं असतं. आमचं बरं चाललं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग डिग्री. चाकणला नोकरी लागली. आज माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत आणि मी त्यांच्याकडून प्रत्येक गोष्ट लेखी मागते. ती वैतागतात. एकजण तोंडावर म्हणाला, "मॅडम, तुमचा कोणावर विश्वासच नाही." मी म्हटलं, "नाही."

बाबांनी मात्र काकांना कधी वाईट म्हटलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांची यादी त्यांनी केली होती. त्यात सिल्वासाच्या चार घरांत पहिलं नाव महाजन भाऊ, असं होतं. मी पेन घेतलं आणि ते खोडलं. बाबांनी यादीची घडी घातली. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझं लग्न आहे. तू म्हणशील तसं."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर जुन्या कारखान्यातल्या एकाचा बाबांना फोन आला. काका निवृत्त होऊन गावी गेले होते आणि तिथेच हृदयविकाराने गेले, दहा दिवस झाले होते. मी त्या दिवशी नाशिकलाच होते. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागून गेले तर ते रडत होते. नोकरी गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"त्या माणसासाठी रडताय?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मित्र होता माझा."

"मित्र असं करतो?"

"मित्र नसता तर एवढं लागलं असतं का?" बाबा म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी नंबर मिळवला आणि काकूंना फोन लावला. "वहिनी, मी दिलीप बोलतोय, नाशिकहून," एवढं म्हणाले आणि त्यांना पुढे बोलताच येईना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

काकूंना मी आयुष्यात एकदाच भेटले होते, लहानपणी. आवाज शिक्षिकेचा, स्वच्छ आणि थकलेला. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पल्लवी का? अगं, शेवटपर्यंत तुमच्याच गोष्टी. चिनू इंजेक्शनला कशी घाबरायची, तुझे बाबा गाडी कशी काढून द्यायचे. तुम्ही नाशिकला गेलात आणि ह्यांचे शनिवार सुने झाले. पण माणसं तुम्ही चांगली. एवढ्या लांब गेलात तरी संबंध ठेवलात. दर दिवाळीला तुझ्या बाबांचा फोन यायचा, असं हे सांगायचे मला."

बाबांनी त्या दिवशी दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घरी फोन केला होता.

काकू पुढे म्हणाल्या, "आणि तुझ्या लग्नाला त्यांना यायला मिळालं, हे एक बरं झालं. मला सासूबाईंमुळे जमलं नाही. दोन दिवस नाशिकला जाऊन आले. परत आल्यावर आठवडाभर तेच चालू होतं. तू पिवळा शालू नेसली होतीस, बाबांनी ह्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं, मठ्ठा फार छान होता. मला म्हणाले, स्वतःची पोर असती तर आणखी काय वेगळं असतं?"

माझा शालू हिरवा होता. पुढच्या रांगेत माझी आत्या आणि मामा बसले होते. घरून लग्नाला म्हणून निघून ते दोन दिवस काका कुठे होते, मला माहीत नाही. नाशिकच्या स्टँडवर बसून राहिले असतील, हॉलच्या बाहेर उभे राहिले असतील, किंवा सिल्वासाच्या त्या खोलीत. आम्हाला न विचारता त्यांनी आमचं घर असं वर्षानुवर्षं वापरलं होतं, आमची माया, आमचे फोन, माझं लग्नसुद्धा. त्या रविवारी आला नव्हता इतका राग मला तेव्हा आला. एका वाक्यात मी सगळं सांगू शकत होते. सुकलालचं, त्या सहीचं, यादीतल्या खोडलेल्या नावाचं.

पलीकडे काकू वाट पाहत होत्या. "ऐकतेस ना, पोरी? आले होते तेव्हा नीट जेवले होते ना ते? प्रवासात जेवायचे नाहीत, म्हणून विचारते."

बाबा गॅलरीच्या कठड्याला धरून माझ्याकडे पाहत होते.

"हो काकू," मी म्हणाले. "पोटभर जेवले. आम्ही जेवल्याशिवाय सोडलंच नाही."